इन अ वे काका

दिल्लीतल्या कुठल्याही मराठी मंडळात एक इन अ वे काका असतोच. आमचे काका केंद्रातल्या एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. तिथे त्यांनी 'अमुक कारणामुळे तमुक झालं' असं फायलीवर जन्मात लिहिलं नाही. लिहिलं ते 'अपिअर्स टू बी रिलेटेड'. म्हणून तर इतक्या वर्षांत त्यांच्यावर एकही चौकशी बसली नाही.

राहतात इंदिरापुरमला, म्हणजे उत्तर प्रदेशात. पत्ता मात्र 'मोअर ऑर लेस दिल्ली'. यात त्यांना दोष कसा द्यावा? १९८५ चा एनसीआरचा कायदाच काकांच्या वळणावर गेलाय. खुद्द दिल्ली १,४८३ चौरस किलोमीटर आणि तिच्या नावावर खपणारा प्रदेश ५५ हजारांच्या वर! त्यात राजस्थानातलं अलवर येतं, हरियाणातलं पानिपतही येतं. पानिपत म्हटलं की काका सरसावून बसतात. "आमचे पूर्वज १७६१ पासून एनसीआरचेच, इन अ वे."

"ते पोचलेच नव्हते," काकू आतून सांगतात. "वाटेत आजारी पडून परत फिरले."

"म्हणूनच म्हटलं, इन अ वे!"

त्यांना खोटं पाडणं अशक्य. १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत साहित्य संमेलन झालं, त्याच्याशीही काका 'नॉट अनकनेक्टेड' आहेत. त्यांचे मावसआजोबा त्या सुमारास दिल्लीत होते. मुलगी बघायला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ताराबाई भवाळकरांच्या अध्यक्षतेखालचं संमेलन तालकटोरा स्टेडियमवर भरलं, ते तर 'टू अ लार्ज एक्स्टेंट' काकांनीच पार पाडलं. तिथे दोन पाहुण्यांना त्यांनी स्वच्छतागृहाची वाट दाखवली होती.

पुण्याहून कुणाचा फोन आला, "काका, महाराष्ट्र सदनात खोली मिळेल का हो?" की काका म्हणणार, "तिथे आपला शब्द चालतो, लूजली स्पीकिंग." चालतो, पण उपाहारगृहात. 'आणखी एक भाकरी' म्हटलं की येते. खोलीचं विचारणारा शेवटी पहाडगंजात उतरतो.

काकांचं कशाशीही असलेलं नातं ताणावं तसं ताणलं जातं, हे खरंच. पण ते आखडतं कसं, हे बघायचं असेल तर गणपतीत यावं. फोटोच्या वेळी काका मंडळाचे 'व्हर्च्युअली फाउंडर'. आरतीला 'क्लोजली असोसिएटेड'. पावतीपुस्तक दिसलं की 'ओन्ली रिमोटली कनेक्टेड', आणि पायांत चपला.

चिटणीसही मंत्रालयातलेच. यंदा त्यांनी वर्गणीच्या वहीत काकांच्या नावापुढे लिहिलंय : 'रिसीव्ड, इन अ वे.' रकमेचा रकाना कोरा आहे.