टिचकी जपून मारावी

ज्यांना मनःशांती हवी आहे आणि ज्यांच्या संगणकावर लिनक्स आहे, अशा दुहेरी पेचात सापडलेल्या सज्जनांसाठी ही टिपणे. खेळाचे नाव ‘ऑस्मॉस’. कॅनडातल्या हेमिस्फिअर गेम्सच्या छोट्या चमूने तो २००९ साली विंडोजसाठी काढला आणि पुढच्याच वर्षी लिनक्सवर आणला. अथांग काळ्या पोकळीत आपण एक चमकता थेंब असतो. आपल्याहून लहान थेंब गिळायचे, मोठ्यांपासून जपायचे. बंदूक नाही, आरडाओरडा नाही. संगीत असे की देवघरात लावले तरी कोणी हटकणार नाही.

खेळ विकत घ्यावा. लिनक्सवाले म्हणजे फुकटे, असा समज घरोघरी असतो. डिसेंबर २०१० मध्ये दुसऱ्या ‘हंबल इंडी बंडल’मध्ये हाच खेळ इतर काही खेळांबरोबर ‘वाटेल ते द्या’ या बोलीवर विकायला होता, तेव्हा लिनक्सवाल्यांनी सरासरी विंडोजवाल्यांपेक्षा जास्त पैसे मोजले. ही माहिती पाठ करून ठेवावी; मेहुण्यांसमोर उपयोगी पडते.

आता फाइल उतरवून घ्यावी आणि तिच्यावर दोनदा टिचकी मारावी. काहीही होणार नाही. घाबरू नये. फाइलला चालण्याची परवानगी दिलेली नसते. ती ‘सीएचमॉड’ने द्यावी. मग टर्मिनलमधून खेळ सुरू करावा, म्हणजे निदान तो का सुरू होत नाही ते कळते. बहुधा एखादी लायब्ररी सापडत नसते. नावाच्या शेवटी ‘एसओ’ आणि एक आकडा असतो, आणि आपल्याकडे नेमकी त्याच्या पुढच्या आकड्याची, म्हणजे नवी लायब्ररी असते. नव्याने जुन्याचे भागत नाही, हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे इथे अक्षरशः खरे ठरते. ‘एलडीडी’ हा आदेश दिला की वाण्याच्या यादीसारखी सगळी यादी पुढ्यात येते. जिच्यापुढे ‘नॉट फाउंड’ लिहिलेले असेल, तेवढीच वस्तू आणावी.

तेवढीच. हे मुद्दाम सांगतो, कारण मी तसे केले नाही. बाजारात आलोच आहोत तर कोथिंबीरही घेऊ, या न्यायाने मी जाता जाता ग्राफिक्सचा ड्रायव्हरही नवा घातला आणि संगणक पुन्हा सुरू केला. समोर काळीकुट्ट पोकळी आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारा एक थेंब. खेळ सुरू झाला असे समजून मी चांगली पाच मिनिटे श्वासावर लक्ष ठेवून बसलो. तो थेंब म्हणजे कर्सर होता. आतल्या खोलीतून आईने विचारले, “अरे, पंखा केवढा घोंघावतोय! एवढ्या रात्री मिक्सर लावलायस का?” जुना ड्रायव्हर परत घालेपर्यंत दीड वाजला.

त्यानंतर खेळ सुरू झाला, आणि कळले की त्यात नेमका याच खोडीला दंड आहे. ऑस्मॉसमध्ये हलायचे तर आपल्याच अंगाचा एक तुकडा मागे फेकावा लागतो. त्याच्या धक्क्याने आपण पुढे सरकतो. न्यूटनचा तिसरा नियम, पण बिल आपल्या नावावर. नवशिका समोर लहानसा निळा थेंब पाहतो आणि सटासट टिचक्या मारत सुटतो. तिथे पोचेपर्यंत तो स्वतः इतका झिजलेला असतो, की मघाचा निळा थेंब आता तांबडा दिसू लागतो. तांबडा म्हणजे आपल्याहून मोठा. पुढचे सांगायला नको.

म्हणून एक टिचकी मारावी आणि हात मांडीवर ठेवावा. थेंब आपसूक जातो. फार हळू जातोय असे वाटले तर खेळातला काळ जलद करण्याची सोय आहे. त्याला आपले अंग खर्चावे लागत नाही.

काही पातळ्यांत मधोमध सूर्यासारखा ओढणारा गोळा असतो आणि सगळे त्याच्याभोवती फिरत असतात. तिथे आपल्याच कक्षेत पुढे चाललेल्या थेंबाला गाठायचे असेल तर त्याच्या दिशेने जोर लावू नये. जोर लावला की आपली कक्षा रुंदावते, फेरी लांबते आणि आपण आणखी मागे पडतो. उलट जरा वेग मारावा. आपण आतल्या बाजूला उतरतो, तिथली फेरी लवकर संपते. पटत नसेल तर जून १९६५ आठवावा. जेमिनी ४ मधून जेम्स मॅकडिव्हिटने आपल्याच रॉकेटच्या सुटलेल्या टप्प्याजवळ जाण्यासाठी सरळ त्याच्या रोखाने जोर लावला. इंधन जळत गेले, टप्पा काही हाती लागेना, शेवटी नाद सोडावा लागला. तो तर शिकूनसवरून वर गेलेला अंतराळवीर होता. आपण दिवाणखान्यात हरलो तर वाईट वाटून घेऊ नये.

आता थेंब न झिजवता वीसएक मिनिटे मला सहज बसता येते. खेळ नीट चालतो आहे. संगणक म्हणतो, १४७ अपडेट्स थांबलेली आहेत. थांबू द्यावीत.