कीवर्डभाऊ

कीवर्डभाऊंना ‘जेवलात का?’ असं विचारलं, तर ते जेवणाचं काही सांगत नाहीत. ‘जेवलात का’ला सर्च व्हॉल्यूम किती, ते सांगतात. पुण्यातल्या दुकानदारांच्या वेबसाइट गूगलच्या पहिल्या पानावर नेऊन बसवणं हा त्यांचा धंदा. बोलणंही त्याच वळणाचं. बायकोनं हाक मारली की म्हणणार, “आला, कोथरूडमधला बेस्ट नवरा, परवडणाऱ्या दरात!” भाच्याची लग्नपत्रिका त्यांनीच लिहिली. ‘शुभविवाह’ नऊ वेळा आला, मुहूर्त राहून गेला.

पूर्वी ते पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत शब्द पेरायचे; गूगलला दिसावेत, माणसाला दिसू नयेत म्हणून. गूगल अशी पानं मागे ढकलू लागलं, तेव्हा फार खचले होते. पानाच्या कोडमधला मेटा कीवर्डांचा टॅग मात्र अजून निष्ठेनं भरतात. क्रमवारी लावताना आम्ही तो बघतच नाही, असं गूगलनं २००९ मध्येच जाहीर करून टाकलंय. भाऊंना तसं सांगितलं, तर म्हणाले, “असू दे हो. नैवेद्य तरी देव कुठे खातो?”

आमच्या शेजारच्या काकू अनारशाचं पीठ विकतात. त्यांच्यासाठी भाऊंनी शब्द निवडला ‘दिवाळी फराळ’. व्हॉल्यूम दणदणीत! पण त्या शब्दावर मोठे ब्रँड, वर्तमानपत्रं आणि रेसिपीवाले आधीच पथारी टाकून बसलेले. काकूंचं पान कुठल्या कुठे गेलं.

“अहो भाऊ,” काकू म्हणाल्या, “मला फोन येतात ते एवढंच विचारायला, की अनारसे का हसतात?”

“हसतात? म्हणजे कॉमेडी कॅटेगरी?” भाऊंनी टूल उघडलं. “याला व्हॉल्यूमच नाही, काकू.”

“नाही कसा? तूप तापवून रडकुंडीला येतात बायका!”

आता हाच खरा कीवर्ड, असं माझं मत. जाणकार अशा शब्दांना ‘लाँग टेल’ म्हणतात. शोधणारे मोजकेच, पण जो येतो तो गरजेपोटी येतो. शिवाय गल्ल्यापाशी तासभर उभं राहिलं तर असे शब्द फुकट ऐकू येतात. भाऊ गल्ल्यापाशी उभे राहतात ते फक्त चेक घ्यायला.

शेवटी काकूंनी भाचीकडून पान लिहून घेतलं: पीठ सैल झालं की अनारसा तुपात हसतो, म्हणजे फुटून पसरतो; थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळा. ऑर्डरी येऊ लागल्या. भाऊंनी लगेच ‘कीवर्ड संशोधन’ म्हणून बिल पाठवलं आणि वर स्वतःच्या हातानं पानाला मथळाही दिला: ‘पुण्यातील बेस्ट हसणारे अनारसे, परवडणाऱ्या दरात, तुमच्या जवळ’.