जातानाचा रंग

दिवाळी तोंडावर नाही, घरात लग्नाचं कोणी नाही, आणि तरीही अमरावतीच्या साईनगरात किंवा अकोल्याच्या गोरक्षण रोडला एखाद्या घरासमोर रंगाऱ्याची शिडी उभी राहिली, तर शिडी लावणारे गृहस्थ काकाजी आहेत असं खुशाल समजावं. त्यांना नाव देण्याची गरज नाही. प्रत्येक लेआऊटमध्ये ते एक तरी असतातच. जिल्हा परिषदेतून, वीज मंडळातून किंवा कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. मुलगा पुण्याला हिंजवडीत, सून त्याच्याहून मोठ्या पगारावर, आणि नातू ‘आजोबा, तुमच्याकडे खूप उकडतं’ हे निदान मराठीत बोलतो याचं समाधान. नोकरीत असताना कर्ज काढून दीड हजार फुटांच्या प्लॉटवर बांधलेलं घर आता विकायचं आणि पुण्याला जायचं, हे नवराबायकोत ठरलेलं आहे. मात्र ठरलं आहे हे कोणाला सांगायचं नाही, हेही त्याच बैठकीत ठरलेलं आहे. रंगारी या दोन ठरावांच्या मधोमध येतो.

घराला रंग लावण्यापूर्वी काकाजी एक गोष्ट करतात, जी त्यांनी तीस वर्षांत केलेली नसते. ते रस्ता ओलांडून पलीकडच्या वालकंपाउंडपाशी उभे राहतात आणि स्वतःचं घर परक्या माणसाच्या नजरेनं पाहतात. गेटचा खालचा पत्रा गंजून चाळणीगत झालेला, पोर्चच्या खांबाचे पोपडे निघालेले, दारातला अशोक एका बाजूनं वाळलेला, आणि संगमरवरी पाटीवरच्या ‘श्रमसाफल्य’मधला रकार उडून गेल्यामुळे कुणालाच न कळणारा एक नवाच शब्द तयार झालेला. मग कामाला सुरुवात होते. रंगाऱ्याशी सौदा ठरतो तो असा : समोरच्या भिंतीला प्रायमर, पुट्टी आणि दोन हात, बाजूच्या भिंतींना एक हात, मागची भिंत ‘पाहून घेऊ’. गेट नवं, भारी, वर भाल्याची टोकं असलेलं. अंगणात गट्टू. गट्टूंच्या कडेला नर्सरीतून गुंडाळून आणलेली हिरवळ. जिथे नळाची वाट पाहण्यात लोकांचा अर्धा आठवडा जातो आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, त्या मुलखात काकाजी टँकर बोलावून हिरवळीला पाणी घालतात. कुंड्यांना गेरू लागतो. काकू हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत असतात. त्यांच्या ओट्याखालचा पाइप गेली कित्येक वर्षं गळतो आहे. ‘म्या तीस वर्षं म्हणलं, भिंतीचे पोपडे पडून राहिले, तं आयकलं नाही. आता दुसऱ्यासाठी रंग देऊन राहिले!’ असं त्या म्हणतात. काकाजी ऐकू न आल्याचं दाखवतात.

काकूंच्या या वाक्यात एक गृहीत दडलेलं आहे आणि सगळी कॉलनीही तेच धरून चालते : रंग गिऱ्हाइकासाठी आहे. घर चकचकीत दिसलं की चार पैसे जास्त येतात, म्हणून काकाजी खर्च करतात. माझ्या मते हे गृहीत पूर्ण चुकीचं आहे. काकाजींच्या रंगाचा गिऱ्हाइकाशी संबंध असलाच तर फार लांबचा आहे. तो रंग कॉलनीसाठी असतो. आपल्याकडे घर बांधणाऱ्याला शाबासकी मिळते, घर विकणाऱ्याची चौकशी होते. ‘घर विकलं’ एवढं कानावर आलं, की पोरानं कर्ज करून ठेवलं असेल, भावाभावांत काही झालं असेल, दुखणं मोठं असेल, अशा तीन शक्यता संध्याकाळपर्यंत शेगाव नाक्याला पोचतात. तेव्हा काकाजींना सिद्ध करायचं असतं ते एवढंच की, आम्ही अडचणीत नाही. पैसा आहे, एवढा की सोडून जायच्या घरावरसुद्धा उधळतो आहोत.

पुरावा पाहा. अमरावती-अकोल्यात जुन्या घराचा भाव ठरतो तो प्लॉटवर. दलाल येतो, पोर्चमध्ये चहा घेतो आणि मोबाइलवर गुणाकार करतो : इतके फूट गुणिले त्या लेआऊटचा चालू भाव. मग रस्ता किती फुटांचा, प्लॉट कॉर्नरचा का, तोंड पूर्वेला का, एन.ए. झालेला का, आखीव पत्रिकेवर बहिणींची नावं तर नाहीत, हे प्रश्न. घराचं बांधकाम हा विषय सर्वांत शेवटी निघतो आणि पुष्कळदा ‘पाडाचा खर्च आमच्याच अंगावर’ या वाक्यानं संपतो. घेणारा कर्ज काढणार असेल तर बँकेचा व्हॅल्युअर येतो. तो जागा मोजतो, बांधकामाचं वय विचारतो आणि वयाप्रमाणे घसारा कापतो. त्याच्या कागदावर भाल्याच्या टोकांना रकाना नसतो. आयुष्यभर सरकारी फायलींत घसारा लिहिलेल्या काकाजींना हे कळत नसेल असं मानणं हा त्यांचा अपमान आहे. कळतं. तरी ते रंग देतात.

यावर कोणी शिकलेला माणूस म्हणेल की साधी गोष्ट अवघड करू नका. हा दोष झाकण्याचा प्रकार आहे. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहून दाखवलं, की मालाची खरी अवस्था विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, आणि एवढ्यावरून अख्खा बाजार नासू शकतो. त्याला २००१ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या कायद्यालाही हा धोका फार आधीपासून माहीत आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, घेणाऱ्याला साध्या पाहणीत दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. आणि वऱ्हाडातल्या घरात दोष असतोच. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दर वर्षी घराला थोडं उचलून थोडं खाली ठेवते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग ही इथल्या घराची वयाची खूण आहे. पुट्टी भरली की ती दिसेनाशी होते, मेमध्ये पुन्हा डोळे उघडते. हा आक्षेप वजनदार आहे, पण काकाजींना लागू पडत नाही. लबाड माणूस दोषावर रंग लावतो. काकाजींचा स्लॅब मागच्या बेडरूममध्ये गळतो, आणि तिथला ओलीचा नकाशा त्यांनी जसाच्या तसा ठेवला आहे. पैसा गेला आहे तो गेटवर, म्हणजे ज्याच्यात लपवण्यासारखं काही नाही अशा एकमेव वस्तूवर. असा फसवणारा फसवणुकीच्या धंद्यात आठवडाभरही टिकणार नाही.

शिवाय घेणाऱ्यालाही आपण समजतो तेवढं भोळं समजू नये. तो येतो दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूरकडून. मुलांच्या शिक्षणासाठी शहरात जागा हवी असते, आणि घरी कापसाचा व्यवहार पिढ्यांचा असतो. कापूस बाजारात गाडी उभी राहिली की जाणता व्यापारी वरच्या पांढऱ्याशुभ्र थराकडे ढुंकून पाहत नाही. तो कोपरापर्यंत हात खुपसतो, तळातला पुंजका ओढून काढतो, दाबून ओल पाहतो, फरदड मिसळली आहे का ते पाहतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे विलायतेला इकडचा कापूस हवासा झाला तेव्हा मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला होता. म्हणजे वरच्या थरावर विश्वास न ठेवण्याचं शिक्षण या भागाला दीडशे वर्षांहून जास्त काळ मिळालेलं आहे. असा माणूस घर पाहायला येताना एकटा येत नाही. बरोबर ठेकेदारी करणारा साळा असतो. तो बोटाच्या पेरानं भिंत वाजवतो, न विचारता जिना चढून स्लॅबवर जातो आणि खाली येऊन काही बोलत नाही. त्याच्या न बोलण्याचा भाव काही लाखांत असतो.

मान्य करायला हवं असं एकच आहे. घेणाऱ्याची बायको गेटपाशी थांबते आणि ‘गेट मस्त हाये’ म्हणते. घर बघण्यात पहिल्या नजरेचं वजन असतं हे खरं, आणि अमेरिकेत तर घर विकण्याआधी अंगण, दार, कुंपण नीट करणं हा रीतसर सल्ला आहे. पण तिथे बहुतेक वेळा राहणारा राहणाऱ्यालाच घर देतो, आणि घेणारा त्याच दारातून आत जाऊन त्याच घरात राहतो. आपल्याकडे ‘गेट मस्त हाये’ म्हणणाऱ्या बाईच्या डोक्यात त्या जागेवरच्या दुमजली घराचा नकाशा तयार असतो. गेट तिला खरंच आवडलेलं असतं; नव्या घराला असंच करायचं, पण थोडं मोठं, असा तिचा विचार चाललेला असतो.

रंग कॉलनीसाठी आहे याचा मोठा पुरावा तो लावण्याच्या मुहूर्तात सापडतो. धोरणी काकाजी दसरा-दिवाळीच्या आड रंग उरकतात, कारण त्या दिवसांत सगळेच भिंती घासत असतात आणि कोणी कोणाला विचारत नाही. दलालाला मग तुळशीचं लग्न झाल्यावर बोलावतात. तोवर कापसाचा पैसाही शहराकडे वळू लागलेला असतो. पण दिवाळीत रंगाऱ्याचा भाव चढतो, म्हणून काटकसरी काकाजी संक्रांतीनंतर शिडी लावतात आणि तिथेच अडकतात. ‘काय भाऊ, विकून राहिले का?’ असं समोरून विचारणं आलं. ‘छ्या! पोराच्या दोस्ताची पेंटाची एजन्सी हाये. रंग उरला होता त्याचा, म्हणे घेऊन जा काका.’ तीस वर्षं कॉलनीच्या मंदिराचा हिशेब पै-पैशानं चोख ठेवणारा माणूस गेटसाठी असं सरळ तोंडानं खोटं बोलतो. दाखवण्याच्या वेळाही ठरलेल्या. अकोल्यात २०२४ च्या मे महिन्यात उन्हापायी जमावबंदी लावावी लागली होती. तिथे दुपारी घर दाखवणं अशक्य हे कारण तयारच असतं, म्हणून दलाल दिवेलागणीनंतर येतो. घेणारी मंडळी ‘मुलाच्या ऑफिसातले’ असतात. आणि त्यांना दिसावं म्हणून नाही, तर शेजाऱ्यांनी पाहावं म्हणून काकाजी सकाळी खराटा घेऊन स्वतःचंच नव्हे, बाजूच्या घराचंही दार झाडतात. इथल्याच गाडगेबाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची दारं झाडली, तेव्हा त्यांच्यावर कोणी प्लॉट विकण्याचा संशय घेतला नव्हता. काकाजींच्या खराट्यानं मात्र कॉलनीची उरलीसुरली शंका फिटते.

आता पाटीचं. उडालेला रकार तर बसवला जातोच, पण पुष्कळदा जुनी पाटी काढून काळ्या ग्रॅनाइटची, सोनेरी अक्षरांची नवी लागते. खाली काकाजींचं नाव, पद आणि कंसात ‘सेवानिवृत्त’. घेणाऱ्याला दुसऱ्याच्या नावाचा काय उपयोग? काहीच नाही. जाणाऱ्या घरावर आपलं नाव ठसठशीत राहावं ही ओढ काकाजींनीच शोधलेली नाही. वऱ्हाडाच्या मोठ्या व्यवहारांतही ती दिसते. निजामानं १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनीकडे लावून दिला. १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर तो इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्यानं गेला. ताबा गेला, वसुली गेली, कापूसही गेला. आणि १९३६ मध्ये, घर हातचं जाऊन त्र्याऐंशी वर्षं झाल्यावर, निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. जगातल्या अतिश्रीमंतांत ज्याची गणना होई त्या राजाला ही पाटी हवीशी वाटली, तर मासिक पेन्शनवरच्या काकाजींना का हसायचं? हसायचंच असेल तर एवढ्यासाठी की, निजामाला पाटीचा खर्च आला नव्हता.

इसार होतो, रजिस्ट्री होते. भाव प्लॉटाचाच येतो, रंगाचा एक रुपया येत नाही, आणि काकाजींना त्याचं वाईटही वाटत नाही. ‘त्यायले काय, पैशाची गरज थोडीच होती. जाता जाता घर रंगवून गेले,’ एवढं कॉलनीत बोललं गेलं की खर्च वसूल झाला. नवा मालक जेसीबी आणतो. गेट भंगारवाल्याकडे किलोवर जातं. भाल्याची टोकं धरून वजन थोडं जास्तच भरतं. पाटी तेवढी काकाजींनी इसारपावतीच्या वेळीच तोंडी अट घालून सोडवून घेतलेली असते आणि ती चादरीत गुंडाळून पुण्याला नेलेली असते. तिकडच्या सोसायटीत मात्र प्रत्येक दाराला एकाच मापाची, एकाच रंगाची पाटी लावण्याचा नियम आहे. मुलगा चेअरमनशी बोलतो म्हणाला आहे. तोपर्यंत ‘श्रमसाफल्य’ मागच्या बाल्कनीत हलणाऱ्या वॉशिंग मशीनच्या एका पायाखाली आहे, आणि काकूंच्या मते तीस वर्षांत तिचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला आहे.