पंचनाम्यात न मावलेला हंडा

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ असं जुनी माणसं सांगून गेली. त्यांच्या डोळ्यांसमोर कपाशी होती. पुढच्या पिढ्यांनी कपाशीचा भाव पाहिला आणि ताडलं की सोनं असलंच तर ते जमिनीच्या वर नाही, खालीच असणार. तेव्हापासून अमरावती-अकोल्याकडे शेतीला जोडधंदा म्हणून एक रात्रपाळी चालते. भांडवल बेताचं: टिकास, सब्बल, फावडं, पाच लिंबं, एक मांत्रिक, जमल्यास एक मांडूळ आणि एक पायाळू इसम. पायाळूच्या डोळ्यांत काजळ घातलं की त्याला जमिनीखालचा हंडा दिसतो म्हणे. उरलेल्यांच्या डोळ्यांत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं अंजन घातलं, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या कैदेचं. मांडूळ बाळगणाऱ्यांसाठी वन्यजीव कायदा आहेच. पण अंजनाचा गुण फक्त पायाळूलाच येतो, असं दिसतं.

या मंडळींचा लाडका पत्ता म्हणजे चिखलदऱ्याजवळचा गाविलगड. नागपूरकर भोसल्यांची फौज २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोल्याकडच्या अडगावला मोडली आणि १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीनं गाविलगडही घेतला. हाच वेलस्ली पुढं वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. तर नेपोलियनचा डाव ओळखणाऱ्या या माणसाला, अख्खा गड ताब्यात असताना, जो हंडा गवसला नाही, तो आपल्या बाप्याला अमावास्येच्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर गवसणार आहे! खरा हंडा गेला तो नंतर, आणि दिवसाढवळ्या. १९०२ साली लॉर्ड कर्झननं निजामाकडून अख्खा वऱ्हाडच कायमच्या पट्ट्यानं घेतला, वर्षाला २५ लाख रुपयांवर. एवढ्या मोठ्या मालाला चोरी म्हणत नाहीत, करार म्हणतात.

आता मामांकडे वळू. आमचे मामा अमरावतीचे निवृत्त हवालदार, सध्या खासगी गुप्तहेर. त्यांचे साडभाऊ अकोल्याचे निवृत्त तलाठी, सध्या मामांचे सहायक. एकाला चोर दिसतो, दुसऱ्याला हद्द दिसते. मूर्तिजापूर आणि दर्यापूरच्या मधल्या एका गावातून मूर्ती चोरीला गेली आणि गाभाऱ्यात कंबरभर खड्डा सापडला, तेव्हा गावानं या जोडीला बोलावलं. दोघं साध्या वेशात, तोंडाला दुपट्टा बांधून गुपचूप पोचले. तोवर ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दोनदा पुकारून झालं होतं, ‘‘गावकऱ्यांनो, गुप्तहेर आले हायेत, ज्याले काई सांगाचं असन त्यानं पारावर यावं.’’

मामांनी वही उघडली. ‘‘मूर्ती कशी होती?’’

‘‘कशी म्हंजे? देवावानी होती ना जी.’’

‘‘हात किती?’’

‘‘हारातून हात कोन मोजते, साहेब?’’

‘‘फोटो हाय?’’

फोटो होता! पारामागच्या खांबावर कमिटीच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अजून टांगलेला होता. गाभाऱ्यासमोर उभे अध्यक्ष, गळ्यात हार, डोळ्यांवर काळा चष्मा आणि त्यांच्या डाव्या खांद्यामागून डोकावणारा देवाचा एक कान. देवाच्या ओळखीचा गावात असलेला एकमेव पुरावा तो. मामांनी तो कान भिंगातून पाहिला आणि वहीत लिहिलं, ‘‘कान एक, दुसरा असावा.’’

१९११ साली पॅरिसच्या लूव्रमधून मोनालिसा गेली, ती सोमवारी. तिथल्या लोकांच्या ध्यानात आलं मंगळवारी. पुढं चित्राची रिकामी जागा पाहायला लोकांनी गर्दी केली. आमच्या गावातही मंगळवारीच कळलं, कारण आरती मंगळवारची असते. गर्दीही झाली, पण ती खड्ड्याभोवती. देव गेला त्याचं काय ते पाहू, हंडा निघाला का, हा मुख्य प्रश्न होता.

साडभाऊ दोरी घेऊन गाभारा मोजत होते. ‘‘साडभाऊ,’’ मामा वैतागले, ‘‘चोर सातबारा पाहून चोरी करते काय?’’

‘‘चोर नाई पाहात. पन खड्डा कोनाच्या हद्दीत हाय, ते तं पाहाच लागते.’’

मोजता मोजता साडभाऊ देवळामागं गेले आणि पाण्याच्या टाकीपाशी थबकले. एक काळा दगड टाकीला टेकवून ठेवला होता. त्यावर दोन बाया कपडे घासत होत्या. साबणाच्या फेसाखालून एक मुकुट, एक खांदा आणि नीट मोजता येतील असे चार हात दिसत होते.

उलगडा झाला तो असा. मूळ देव हाच. जीर्णोद्धारात गाभाऱ्याला टाइल्स बसल्या, टाइल्सला काळा देव शोभेना, म्हणून पांढरी संगमरवरी मूर्ती आणली आणि जुन्याची रवानगी टाकीपाशी केली. चोरांनी नेली ती पांढरी. हंड्यासाठी गाभारा खणला आणि शेकडो वर्षांचा काळा दगड ओलांडून ते निघून गेले. गावाला त्याचं मोल कळलं नव्हतं, सुदैवानं चोरांनाही कळलं नाही. वऱ्हाडातल्या पुरातन ठेव्याला आजवर जे एकच मजबूत कुलूप लागलं आहे, ते हे. किल्ली कुणाकडंच नाही.

साडभाऊंना मात्र राजनापूर खिनखिनी आठवलं. याच मूर्तिजापूर तालुक्यातलं गाव. तिथं जैन देवतांच्या धातूच्या मूर्तींचा अख्खा साठा सापडला, तो आज नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. मंगरूळपीरकडचं तऱ्हाळाही आठवलं, आज वाशीम जिल्ह्यात, तेव्हा अकोल्यात. १९३९ साली तिथं खरोखरच धन निघालं. दीड हजाराच्या आसपास नाणी! पण सोन्याची नव्हेत, पोटीनची, म्हणजे तांब्यात शिसं-कथील मिसळलेली. वा. वि. मिराशींनी ती वाचली आणि पुराणांच्या याद्यांना ठाऊक नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे सातवाहन राजे उजेडात आले. भंगारवाल्याला विचारलं असतं तर त्यानं वजनकाटा काढला असता.

‘‘मंग मालाचं काय करावं?’’ अध्यक्षांनी विचारलं. मामांनी १८७८ चा निखात निधी कायदा समजावला. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं, नाही कळवलं तर वर्षभरापर्यंत कैद. मालक कुणी निघाला नाही तर पाऊण हिस्सा सापडणाऱ्याचा, पाव जमीनमालकाचा. मांत्रिक कधी एवढा वाटा देत नाही. सरकारला ते धन ठेवून घ्यायचं असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देता येतो. पोटीनच्या हंड्याला या हिशेबानं काय मिळेल, हे ऐकून दोन जण सब्बल घेऊन निमूट घरी गेले.

मग काळी मूर्ती घेऊन वरात निघाली. ठाण्यात सांगितलं, ही चोरीला गेलीच नव्हती, तर सापडली कशी लिहू? ऐवजाच्या रकान्यात ती बसत नाही. तहसिलीत म्हणाले, जमिनीखाली नव्हती, टाकीला टेकून होती, म्हणजे निखात निधी नव्हे. पुराण वस्तूंचा १९७२ चा कायदा मूर्तीची नोंद मागतो, आणि नोंदीसाठी लागतो फोटो. गावाकडं होता एक कान, आणि तो निघाला पांढऱ्या मूर्तीचा. पांढरी मूर्ती तीन गावं पलीकडं दुसऱ्या जीर्णोद्धारात विधिवत प्रतिष्ठापित झाल्याचा सुगावा मामांनी काढला, पण आता तिला हात लावला तर तिथल्या भावना दुखावतात. तपास इथं संपला.

साडभाऊंनी तेवढं एक शहाणपण केलं. मूर्ती धुऊन घेतली, उंची-रुंदी मोजून वहीत उतरवली, चारही बाजूंनी फोटो काढले आणि कमिटीच्या हाती दिले. पुढच्या चोरीआधी गावाकडं निदान काय आहे, ते लिहिलेलं असावं म्हणून.

अध्यक्षांनी चारही फोटो उलटसुलट पाहिले. ‘‘फोटो बरे हायेत जी,’’ ते म्हणाले, ‘‘पन याच्यात मी कुठी हावो?’’