काळजीचे वाटेकरी

सीमेवर राहणाऱ्याला प्रत्येक बातमी दोनदा ऐकावी लागते. २०२० च्या उन्हाळ्यात कमलनगरच्या आमच्या घरात आधी मराठी वाहिनीवर महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे आकडे सांगायचे. ते संपले की सासरे कन्नड वाहिनी लावायचे आणि कर्नाटकाचे मंत्री डॉ. के. सुधाकर निराळे आकडे सांगायचे. राहणं कर्नाटकात आणि माहेर महाराष्ट्रातल्या उदगिरात, त्यामुळे दोन्ही राज्यांचे रुग्ण आपलेच धरून आमच्याकडे बेरीज व्हायची. त्यात कोरोनानं देशातला पहिला बळी मार्चमध्ये घेतला तो कलबुर्गीत. एरवी सगळंच उशिरा पोचणाऱ्या आमच्या भागात ही एक गोष्ट सगळ्यांच्या आधी पोचली.

अशात मला दिवस गेलेले. घाबरण्याचा पहिला मान खरं तर माझा होता, पण घरच्यांनी तो परस्पर वाटून घेतला. आकडे सासऱ्यांकडे, माझं खाणं सासूबाईंकडे. ह्यांच्याकडे स्वच्छता. ती इतकी, की कोथिंबिरीला साबण लागायचा तेवढा राहिला. आणि उदगीरहून आईचा रोज फोन. त्या दिवसांत कुणालाही फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज यायचा, मग सरकारी सूचना. तो खोकला माझाच, अशी आईची पक्की समजूत. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत तिचा प्रश्न, “खोकूलालीस का गं?”

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. माहेर हाकेच्या अंतरावर, पण मधे नाका. मे महिन्यात महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कर्नाटकानं महिनाअखेरपर्यंत बंदी केली. गेले तर परत कशी येणार, हा घोळ घरात रोज चालायचा. १९५६ पर्यंत उदगीर आमच्या बीदर जिल्ह्यातच होतं. आईचं म्हणणं, तसंच राहिलं असतं तर लेकीचं बाळंतपण घरी झालं असतं. राज्य पुनर्रचनेवर इतकी नेमकी टीका मी कुठल्याही अग्रलेखात वाचलेली नाही.

दिवसभर ह्या सगळ्यांना धीर देता देता माझा वेळ बरा जायचा. रात्री मात्र वाटेकरी झोपलेले असत. स्टेशनात प्रवासी गाडी नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. छाती धडधडायची, आणि पोटातलं हललं नाही की वाटायचं, का हललं नाही. हललं की वाटायचं, इतकं का हललं. मोबाइल उघडला तर तिथं भीती ताजी मिळायची. एप्रिलमधल्या एका सूचनेत होतं, की बाधित भागातल्या ज्या गरोदर बाया पाच दिवसांत बाळंत होण्यासारख्या आहेत, लक्षणं नसली तरी त्यांची कोरोनाची तपासणी करावी. पाच दिवस आधी! आमच्या घराण्यात अजून कुठलंही मूल इतकी आगाऊ वर्दी देऊन आलेलं नाही.

शेवटी मी एक युक्ती केली. मोठ्या काळजीला हातच लावायचा नाही, लहानसहान काळज्या धरायच्या. स्टेशनाजवळचा सुसला आणि मिरचीभजी बंद, तर ह्या डोहाळ्यांचं काय करायचं? सासूबाईंच्या कुठल्या जुन्या लुगड्याची दुपटी मऊ होतील? अंधारात मनातल्या मनात मी लुगडी कापत बसायची, आणि तिसऱ्या दुपट्याला डोळा लागायचा. पण २१ जूनला सूर्यग्रहण आलं. त्या रविवारी कात्री बंद, सुई बंद, सकाळी दहानंतर दुपारपर्यंत पाणीसुद्धा बंद. ग्रहण लागलं सूर्याला आणि कोंडून बसले मी. तसं सगळ्या जगालाच मार्चपासून ग्रहणाचे नियम लागू होते, म्हणून मला विशेष वाईट वाटलं नाही.

आशाताई तोंडाला ओढणी बांधून यायच्या, उंबऱ्याबाहेरूनच तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाचं कार्ड, मागायच्या. दिवसभर घरोघर कुणाला ताप, कुणाला खोकला, हे विचारत हिंडायचं आणि संध्याकाळी आपल्याच लेकरांपासून लांब बसायचं. एकदा कार्डावर लिहिता लिहिता म्हणाल्या, “तुझं बीपी छान आहे बघ. माझं बघायला कोण येतंय?” माझ्या धीर देण्याच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, ते त्या दिवशी घातलं.

जुलैत १२ हजार रुपये मानधनासाठी कर्नाटकभरातल्या आशा कार्यकर्त्यांनी काम थांबवलं. आता आपली चौकशी बंद, असं मी धरून चालले होते. तर दोन दिवसांनी फोन. पलीकडून त्यांचा आवाज, “हे बघ, मी संपावर आहे. हे काम म्हणून विचारत नाही. रक्तवाढीची गोळी घेतलीस का?”