मामी गॅलरीत गेलीये!

पूर्वी 'गॅलरीत आहे' म्हटलं की चित्र स्पष्ट असायचं. बाई कठड्याला रेलून उभी आहे, वाळत घातलेल्या चादरीआडून समोरच्या बिऱ्हाडात कोण आलं-गेलं ते टिपते आहे, आणि तासाभरात ती बातमी तळमजल्यापर्यंत पोचणार आहे. मध्यंतरी एका शनिवारी ठाण्याला मामीला फोन केला, तर मामा म्हणाले, "ती गॅलरीत गेलीये." म्हटलं, हाक मारा ना. तर म्हणाले, "हाक कुलाब्यापर्यंत कशी जाईल? सकाळपासून तिची ही तिसरी गॅलरी!"

ऐकलंत? तिसरी! ज्या मामीने आयुष्यात वाणसामानाच्या यादीपलीकडे कागदावर रेघ ओढली नाही, ती आता फोर्ट-कुलाब्याच्या खासगी आर्ट गॅलऱ्या पालथ्या घालते आहे. एकटी नव्हे, भिशीचं अख्खं मंडळ घेऊन. सीएसएमटीला उतरायचं, काळ्या घोड्याला वळसा घालायचा (१९६५ साली पुतळा राणीच्या बागेत गेला, नाव तेवढं मागे राहिलं, २०१७ साली नवा घोडा आणून बसवला, तर त्यावर स्वारच नाही, आणि यावर मंडळात वीस मिनिटं चर्चा झाली), की थेट ताजच्या मागच्या गल्ल्या. कुलाबा कॉजवेवरून एकही कानातलं न घेता ताठ मानेने पुढे जाणारी बाई तुम्ही याआधी पाहिली होती का? आता झुंडीने जातात. खांद्याला कापडी पिशवी, अंगात चुरगळलेलं लिनन, आणि चेहऱ्यावर नुकतंच कुणीतरी वारल्याचा गंभीर भाव.

आणि जातात कुठे? देवीदास मॅन्शन, सनी हाउस, कमल मॅन्शन, तिकडे फोर्टात क्वीन्स मॅन्शन. जुन्या रहस्यपटांतले सगळे खून इथेच झाले असावेत, अशी नावं! जिना लाकडी, लिफ्टला जाळीचा दरवाजा, बोर्ड शोधावा तर व्हिजिटिंग कार्डाएवढा. कुलाब्याच्या अग्निशमन केंद्राजवळची एक गॅलरी तर जुन्या छापखान्याच्या जागेत आहे. मराठी माणूस इतकी वर्षं या दारांवरून मुकाट का चालत गेला? सोपं आहे. आत तिकीट लागतं की नाही, आणि चपला बाहेर काढायच्या की नाही, हे कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं.

आता लागला शोध! तिकीट नाही. एसी आहे. कुणी हटकत नाही. मग काय विचारता? दक्षिण मुंबईत फुकट मिळणारी श्रीमंती म्हटल्यावर रांग लागणारच.

पण आत गेल्यावरचा थाट बघा. साड्यांच्या दुकानात हजार रुपयांच्या गिऱ्हाइकाला गादीवर बसवतात, चहा पाजतात, पन्नास साड्या उलगडतात. इथे लाखांचा माल भिंतीवर टांगलेला आणि टेबलामागची मुलगी लॅपटॉपमधून मान वर काढायला तयार नाही! किंमत चिकटवणं तर अशिष्टच. ती हळूच विचारायची, मग खणातून एक कागद निघतो. विकलेल्या चित्राशेजारी लाल टिकली. मामी आता टिकल्या मोजते. "ओपनिंगलाच सात लागल्या गं!" हे ती अशा सुरात सांगते, जणू सातही मुली तिने स्वतः उजवल्या. त्या टिकलीचे निम्मे पैसे सहसा गॅलरीकडे जातात, हे कळल्यावर मात्र तिच्यातली गृहिणी जागी झाली. "निम्मे? भिंत दिल्याचे?" त्या निम्म्यात दलालीबरोबर चित्रकाराला वर्षानुवर्षं सांभाळणंही येतं, कॅटलॉग येतो, कलाजत्रांमधले स्टॉल येतात, असं मी समजावलं. तिला पटलं नाही. तिच्या मते वधूवर सूचक मंडळंसुद्धा इतके घेत नाहीत.

आणि ती भाषा! चित्राखाली लिहिलेलं असतं, 'मिश्र माध्यम, आकार बदलता'. आकार बदलता म्हणजे? डोंबिवलीच्या हॉलमध्ये मावतं की नाही एवढं सांगा ना! आमचे भावोजी पेशाने सीए. गेल्या दिवाळीपर्यंत त्यांना रंग दोनच माहीत होते, नफ्याचा आणि तोट्याचा. आता जेवताना 'निगेटिव्ह स्पेस' म्हणतात. दिवाणखान्यातलं स्वित्झर्लंडचं पोस्टर त्यांनी उतरवलं, खिळा तेवढा ठेवला. पाहुण्यांनी विचारलं तर सांगतात, 'अनटायटल्ड'. ताई म्हणते, निदान त्या खिळ्याला कॅलेंडर तरी लावू द्या. नाही! भिंतीला श्वास घेऊ द्यायचा आहे.

जानेवारीतल्या गॅलरी वीकेंडला तर साक्षात पंढरपूर अवतरतं. हे सुरू झालं २०१२ साली, तेव्हा आपण 'असेल बाई श्रीमंतांचं काहीतरी' म्हणून पान उलटलं होतं. आता नकाशे छापून घेऊन फिरतात. एकीकडून बाहेर पडणारा दुसरीकडे शिरणाऱ्याला कानात सांगतो, "वरची आधी कर, तिथे वाइन संपत आलीये." एकादशी धरणाऱ्या एका आजोबांच्या हातात मी काचेचा पेला पाहिला. द्राक्षं फळच की, म्हणाले.

तशी ही साथ अगदीच नवी नाही, हेही कबूल करू. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहेच. आपण आत कधी जायचो? पाऊस आला की. कुणाची तरी वाट बघायची असली की. आणि तिथल्या समोवार कॅफेत टेबल रिकामं होईपर्यंत वेळ काढायचा असला की. ते १९६४ चं समोवार २०१५ साली बंद झालं, तेव्हा जितके लोक हळहळले तितके एखादा चित्रकार गेल्यावरही हळहळत नाहीत. तिथेच पहिल्या मजल्यावर १९६३ साली गांधी दांपत्याने केमोल्ड गॅलरी थाटली. चित्र विकत घ्यायचं असतं ही कल्पनाच तेव्हा जरा चावट वाटायची. आणि चित्रकार हुसेननी 'श्वेतांबरी' म्हणून पांढरं कापड आणि वर्तमानपत्रांच्या रद्दीनं दालन भरून टाकलं, तेव्हा चित्रं कुठं आहेत असं विचारत लोक बाहेर पडले होते. आज तेच लोक त्या रद्दीपुढे सेल्फी काढतील आणि वर तिला 'इमर्सिव्ह' म्हणतील.

बदललं काय? आकडे! २०२५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेनांच्या 'ग्रामयात्रे'ला एक कोटी साडेसदतीस लाख डॉलर आले. ते चित्र कितीतरी वर्षं ऑस्लोच्या एका इस्पितळात लटकत होतं. त्याच वर्षी वासुदेव गायतोंड्यांचं एक चित्र सदुसष्ट कोटी रुपयांवर गेलं. गायतोंडे! गिरगावच्या चाळीत वाढलेला माणूस! चाळ म्हणजे गॅलरी आलीच. त्या गॅलरीत उभं राहून कुणी ना कुणी नक्की म्हणालं असणार, "पोरगं दिवसभर रंग फासत बसतं, नोकरीचं काय?" आता त्या म्हणणाऱ्यांची नातवंडं कुलाब्याच्या गॅलरीत उभी राहून उसासे टाकतात. टाकू द्या. उसाशावर जीएसटी नाही.

तुम्ही हसताय. मीही हसायलाच गेले होते, मामीबरोबर, फक्त गंमत बघायला. तर आर्थर बंदर रोडवर एका वहीएवढ्या करड्या चित्रापुढे माझी दहा मिनिटं गेली. काय होतं त्यात? काही नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल येते ना, तसं काहीतरी. पण पाय निघेना. शेवटी टेबलापाशी जाऊन सहज किंमत विचारली. ती मुलगी मान वर करून चक्क मराठीत बोलली, विरारहून येते. आकडा ऐकून मी म्हटलं, "विचार करून कळवते." जणू घरी आणखी दोन कोटेशनं येऊन पडली आहेत!

त्यानंतर चार शनिवार झाले. मामीला यातलं काही माहीत नाही. रविवारी बहुतेक गॅलऱ्या बंद असतात, तेव्हा तुम्हीही शनिवारीच याल. हनुवटीला हात लावून, मान जराशी कलती करून कुणी उभी दिसली, तर कृपा करून हाक मारू नका.