पट्टीमागची लाज

डिस्कव्हरी वाहिनीवर 2013 साली सुरू झालेल्या ‘नेकेड अँड अफ्रेड’मध्ये एकमेकांना अनोळखी असलेले एक बाई आणि एक पुरुष 21 दिवस रानात काढतात. अंगावर कपडा नाही, सोबत अन्न नाही. गळ्यात मायक्रोफोन मात्र असतो. कण्हणं नीट ऐकू यायला हवं ना! प्रक्षेपणाआधी संकलक दोघांचे ठरावीक अवयव इमानेइतबारे धूसर करतो. बाईची छाती झाकायची, पुरुषाची नाही (डास असा भेदभाव करत नाहीत). मग कॅमेरा निर्धास्तपणे जवळ सरकतो: चावून सुजलेली पाठ, खपाटीला गेलेलं पोट, तापातली ग्लानी, मध्येच फुटलेलं रडू. माणूस खरा उघडा पडतो तो इथे, आणि इथे पट्टी नाही. मुलं बघतात म्हणून झाकावं लागतं, असं सांगतात. मान्य, पण त्याच मुलांना सापाचं मुंडकं उडवलेलं चालतं. स्पर्धकांनी स्वखुशीनं होकार दिला होता, हाही एक बचाव. तो होकार नागवेपणालाही होता की! तरी वाहिनीला अब्रूची काळजी तेवढ्यापुरतीच. उपासमारीला उलट गुण मिळतात, दहापैकी, दशांश चिन्हासकट, आणि ते पडद्यावर ठळक अक्षरांत झळकतात.